सहा वाजता पडणारा ब्रेकर

सँडविक, मॅनिटोबा
२४ नोव्हेंबर १९८६

चि. दिसास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वर पत्ता घराचा लिहिला आहे, पण मी घरात राहत नाही. नऊ तारखेपासून गॅरेजमध्ये राहतो. तुझ्या आईने तुला तिच्या बाजूने सगळं कळवलंच असेल. माझी बाजू थोडक्यात ऐक. चव्वेचाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, ती बाई माझ्या पाठीमागे डॉक्टरकडे गेली आणि आपला नवरा गाडी चालवायच्या लायकीचा राहिला नाही असं सांगून आली. आठ दिवसांत सरकारी कागद. लायसन्स जप्त. या सरोवराच्या बर्फावर मी पन्नास हिवाळे जाळी टाकली, आधी घोडे हाकले, मग पिकअप. आता टपाल आणायचं तर शेजारच्या स्टेब्बीच्या तोंडाकडे बघायचं.

मी तिच्याशी बोलत नाही आणि तिच्या ताटात जेवत नाही. गॅरेजमध्ये पिकअप आहे, फाटकी जाळी आहेत, जुनी खाट आहे. मला पुरे. फक्त थंडी आवरत नाही. काल सकाळी आत उणे एकोणीस होतं. म्हणून विजेचा हीटर मागवला, छताला टांगायचा, पाच हजार वॉटचा. टांगला मीच. तळघरातल्या ब्रेकर-स्विचच्या पेटीपासून तारही मीच ओढली. गॅरेजच्या दिव्यासाठी जमिनीतून जुना पाइप आहे, त्यातूनच. अडचण अशी की पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो आणि हवा येते ती गाईने तोंडावर सोडलेल्या श्वासाइतकी कोमट. तू धरणावरची एवढी मोठी वायरमन. काय चुकलं ते लिही. उपदेश लिहू नकोस.

लोभ असू दे.
तुझा बाप,
हालदोर

---

धरणाचा कॅम्प, नेल्सन नदी
२ डिसेंबर १९८६

ती. बाबांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

इथे आठशे माणसांत तीन फोन आहेत आणि रांगेतला प्रत्येक जण कान देऊन ऐकतो. नाहीतर फोन करून ओरडले असते.

आईचं पत्र आलेलं नाही. तिने एक शब्द कळवलेला नाही. तुम्ही तीन आठवडे उणे एकोणीसमध्ये झोपता आणि मला ते हीटर चालत नाही म्हणून कळतं. चाललाच असता तर कळलंही नसतं. मी कोण आहे तुमची, कंत्राटदार?

हीटरचं ऐका. तो दोनशे चाळीस व्होल्टचा आहे. तुम्ही तो एकेरी ब्रेकरवर लावलाय, म्हणजे त्याला निम्मे व्होल्ट मिळतात, आणि निम्म्या व्होल्टवर उष्णता निम्मी नाही, पाव होते. दुहेरी ब्रेकर हवा, तीस अँपियरचा. आणि तार जाड हवी, दहा नंबरची. तारेत आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे विसरू नका. शेल्फवर जुन्या तारेचं भेंडोळं आहे ते चौदा नंबरचं आहे. मीच ठेवलं होतं. ते वापरलं असेल तर आत्ता उपसून काढा. बारीक तार तीसच्या ब्रेकरवर लावली की ब्रेकर निवांत बसतो आणि तार भिंतीत तापत राहते. तारेच्या सालीवर आकडा छापलेला असतो, तो वाचून मला कळवा. हीटरसमोर चार हात मोकळे ठेवा. जाळी नकोत, पेट्रोलचा डबा तर मुळीच नको.

आणि आई डॉक्टरकडे का गेली, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते मी आता तिलाच विचारते.

लोभ आहेच, पण तार आधी बघा.
दिसा

---

सँडविक
९ डिसेंबर १९८६

चि. दिसास अनेक आशीर्वाद.

तुझं विचारणं पोचलं. कळवलं नाही, कारण नवऱ्याचं गाऱ्हाणं लेकीकडे नेण्याची रीत आमच्या घरात नव्हती. आता विचारलंच आहेस तर ऐक.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला आम्ही दुकानातून परत येत होतो. मी शेजारी बसले होते. शाळेपाशी गाडी रस्ता सोडून सरळ निघाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं. मी चाक धरून ओढलं, ब्रेक कुठला ते मला कुठे ठाऊक. कुंपण मोडून आम्ही खेळाच्या मैदानात घुसलो आणि झेंड्याच्या खांबाला टेकून थांबलो. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती, दिसा. दहा मिनिटं आधी तिथे सगळी पोरं होती. मग त्यांना जाग आली, आणि पहिलं काय केलं असेल? चाकाला हात लावल्याबद्दल मला झापलं. म्हणे बर्फावरून घसरली. तोवर रस्त्यावर बर्फ पडलाच नव्हता.

डॉक्टरकडे चला म्हणून मी आठवडाभर विनवलं. म्हणाले, बायकांना भुतं दिसतात. मग मी एकटी गेले. लपूनछपून नाही, जाताना सांगून गेले, पण त्यांनी रेडिओ मोठा केला. आता गावभर सांगत फिरतात की बायकोने पाठीत सुरा खुपसला. सांगू देत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन.

राग मला तुझाही आला आहे. थंडीने हा माणूस आठ दिवसांत मुकाट्याने घरात आला असता. तू त्याला ऊब कशी करायची ते शिकवलंस. ऊब मिळाली तर तो येईल कशाला?

आपली तब्येत सांभाळून राहा, एवढंच मागणं.
आई

---

सँडविक
१६ डिसेंबर १९८६

चि. दिसास आशीर्वाद.

मानलं तुला. दुहेरी ब्रेकर बसवला आणि हीटर असा पेटला की पहिल्या दिवशी सदरा काढून जाळी विणत बसलो. बाहेर उणे तीस. स्टेब्बी येऊन उगाच अर्धा तास रेंगाळला. तार बघितली, दहाचीच आहे. काळजी नसावी.

आता दुसरं दुखणं सुरू झालं आहे. रोज संध्याकाळी हीटर बंद पडतो. सहाच्या ठोक्याला. दिवसभर चालतो, पहाटेपर्यंत चालतो, पण सहा वाजले की गेला. मग मला तीस पावलं बर्फ तुडवत घरात जावं लागतं, स्वयंपाकघरातून, तुझ्या आईच्या समोरून, खाली तळघरात. ब्रेकर वर करायचा, पुन्हा तिच्या समोरून परत. ती भांडी घासत असते. मान वर करत नाही. मीही करत नाही. टेबलावर झाकलेलं ताट असतं. पहिले चार दिवस शिवलो नाही. पाचव्या दिवशी उचललं, कारण डब्यातल्या शेंगा संपल्या होत्या. त्याचा दुसरा अर्थ काढू नये.

सगळे स्क्रू आवळले. ब्रेकर बदलून नवा बसवला. तरी सहाला पडतोच. या घरात मला सुखाने बसू न देण्याचा कट बायकोबरोबर विजेनेही केला आहे की काय?

उत्तर लवकर धाड.
हालदोर

---

धरणाचा कॅम्प
२२ डिसेंबर १९८६

ती. बाबांस नमस्कार, वि. वि.

नाताळला येता येत नाही. पाळी बदलून मिळाली नाही. तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसवता आलं नाही याचं दुःख म्हणावं की सुटका, ते ठरवते आहे.

आई म्हणते तुमचे डोळे उघडे होते आणि आत कोणी नव्हतं. तुम्ही म्हणता बर्फ. मी हवामानाच्या जुन्या नोंदी इथल्या माणसाकडून बघून घेतल्या. त्या आठवड्यात थेंबसुद्धा पडला नव्हता. यावर मी आणखी काही लिहीत नाही, कारण तुम्ही पत्र चुलीत घालाल आणि पुढचं वाचायचं राहील.

पुढचं असं. वेळेला बरोबर पडणारा ब्रेकर मी वीस वर्षांत पाहिला नाही. सहा वाजता आई विजेची शेगडी लावत असेल तर मुख्य पुरवठ्यावर ताण येईल, पण मग सगळ्या घराचे दिवे जातील, एकटा तुमचा हीटर नाही. हीटर स्वतः तापून थांबला तर खालचा ब्रेकर हलणारच नाही. तेव्हा मला एकच गोष्ट बघून सांगा. ब्रेकर आपोआप पडतो तेव्हा त्याची दांडी मधेच अडकते, ना इकडे ना तिकडे. तुम्ही खाली जाता तेव्हा दांडी मधे असते, की पूर्ण बंदच्या बाजूला?

बघितल्याशिवाय लिहू नका. आणि तार दहाची आहे ना, हे मी पुन्हा विचारते आहे.

दोघांवर सारखीच रागावलेली,
दिसा

---

सँडविक
३० डिसेंबर १९८६

चि. दिसास आशीर्वाद.

तीन दिवस बघितली. दांडी पूर्ण बंदच्या बाजूला असते. मधे कधीच नाही. मग काय निदान? मी तोवर आणखी एक ब्रेकर बसवून पाहिला. तोही पडतो.

तार तार करू नकोस. चाळीस वर्षं बोटीची इंजिनं मी उघडली, तेव्हा तू पाळण्यात होतीस.

नाताळ गॅरेजमध्ये झाला. ताटात धुरावलेलं मटण होतं, आणि विनारतेर्ता केक, सातही थर सारखे, आलुबुखाराचं सारण नेहमीसारखं. तुझ्या आईच्या हातात चव आहे हे मी कधी नाकारलं नाही. डॉक्टरकडे गेली ती तिची जीभ. खाऊन ताट धुऊन दाराशी ठेवलं. आभार मानले नाहीत.

डोळ्यांचं म्हणशील तर माणूस क्षणभर विचारात असतो. त्याला तुम्ही मायलेकी मेलेला म्हणता.

हालदोर

---

धरणाचा कॅम्प
७ जानेवारी १९८७

ती. आईस सप्रेम नमस्कार, वि. वि.

दांडी पूर्ण बंदच्या बाजूला असते, असं बाबांनी लिहिलं आहे. याचा अर्थ ब्रेकर पडत नाही, कोणीतरी हाताने पाडतं. त्या घरात हात चारच आहेत, आणि त्यातले दोन गॅरेजमध्ये जाळी विणत असतात.

आई, हे काय चालवलं आहेस? एक्काहत्तर वर्षांचा माणूस उणे तीसमध्ये रोज बर्फ तुडवत येतो. दोन ब्रेकर त्याने बदलले. पेटी उघडून उघड्या तारांत हात घातला. एक पकड चुकली असती तर तुझा सूड पुरा झाला असता. तू बघत होतीस आणि बोलली नाहीस. मी इकडे मूर्खासारखी शेगडीची गणितं मांडते. त्याने लायसन्ससाठी तुझ्याशी अबोला धरला, त्याचा तुला राग आहे, मान्य. पण राग आहे तर तोंडाने भांड. विजेने भांडू नकोस.

मी बाबांना अजून कळवलेलं नाही. तुझं उत्तर आलं की ठरवीन.

दिसा

---

सँडविक
१३ जानेवारी १९८७

चि. दिसास,

होय, मीच. चोरासारखं पकडलंस म्हणून खुशीत असशील. सूड हा शब्द तू मला लिहिलास, तो मी जपून ठेवणार आहे.

त्या माणसाचे डोळे मी रिकामे पाहिले आहेत. त्यानंतर तो जाऊन एका बंद खोलीत राहिला, आतून कडी लावून. खिडकीवर गोणपाट. मधे तीस पावलं. मी दार वाजवलं की गप्प बसतो, कारण अबोला आहे. गप्प बसलेला आणि पडलेला, बाहेरून दोन्ही सारखेच. मग मी काय करायचं होतं? दिवसभर खिडकीत उभी राहून धुराड्याकडे बघायचं? विजेच्या हीटरला धूरही नसतो.

म्हणून सहा वाजता बंद करते. दहा मिनिटांत पायरीवर बूट आपटल्याचा आवाज येतो. शिव्या देत आत येतो, माझ्याकडे न बघता खाली जातो, माझ्या पुसलेल्या फरशीवर बर्फ सांडून परत जातो. त्या दहा मिनिटांत मी एकच भांडं घासत असते. आला की दुसरं घेते. आणि ताट नेतो, म्हणजे एकदा तरी गरम जेवतो.

ब्रेकर बदलताना भीती वाटली, हे खरं. पण त्याला सांगितलं असतं तर त्याने पेटीला कुलूप घातलं असतं. तुला कळवायचं तर कळव. हजार मैलांवरून शहाणपण सोपं असतं.

आई

---

गिमली, हॉस्पिटलात बसून
१७ जानेवारी १९८७

चि. दिसास,

फोनवर मी तुला नुसतं ये म्हणाले. तू म्हणालीस, वादळ थांबल्याशिवाय विमान उडणार नाही. हे पत्र टपालात टाकत नाही, तू आलीस की हातात देईन. तोंडाने सांगायला लागले तर मी ओरडेन, आणि इथे ओरडू देत नाहीत.

काल सहाला मी ब्रेकर बंद केला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. कोट न घालता गेले. दार आतून लावलेलं. बर्फाच्या फावड्याने दाराशेजारच्या खिडकीची काच फोडली, हात घालून कडी काढली. ते पिकअपच्या चाकाशी पडले होते, हातात विणायची सुई तशीच. श्वास होता. हाक मारली, उत्तर नाही. घरी धावले, रुग्णवाहिकेला फोन केला. म्हणाले रस्ता बंद होत आला आहे, तासभर तरी लागेल. स्टेब्बी आर्बोर्गला गेलेला.

बाहेर उणे चौतीस, काच मी फोडलेली, हीटर मी बंद केलेला. तळघरात जाऊन चालू केला आणि परत आले. घोंगड्या घातल्या, पोती घातली. थोड्या वेळाने वास आला. भिंतीतून, हीटरच्या तारेच्या बाजूने. हात लावला तर लाकूड भाजत होतं. बंद करावा तर ते गारठतात, चालू ठेवावा तर जळतात. त्यांना ओढून घरात न्यायला माझ्यात बळ नाही, मी प्रयत्न केला. मग दहा मिनिटं चालू आणि दहा मिनिटं बंद, असं करत राहिले. प्रत्येक वेळी तीस पावलं जाऊन तळघर, तीस पावलं परत, भिंतीला हात लावून बघायचं, त्यांच्या नाकाशी हात धरून बघायचं. सात वेळा गेले. रुग्णवाहिका सव्वा तासाने आली.

आणि हे सगळं होत असताना पिकअप तिथेच उभी होती. डोक्याशी. टाकी भरलेली, किल्ली खुंटीवर. चव्वेचाळीस वर्षांत त्या माणसाने मला ती चालू करायलासुद्धा शिकवलं नाही, आणि मी शिकव म्हटलं नाही. काल मी त्या गाडीला लाथ मारली. दोन वेळा.

डॉक्टर म्हणतात, हृदय मधेच काही क्षण थांबतं, या वेळी पडताना डोकंही आपटलं. पहिल्यापासून तेच होत असणार. विनिपेगला नेऊन छातीत यंत्र बसवतील. जगतील म्हणतात. शुद्धीवर आले आहेत. माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आई

---

धरणाचा कॅम्प
१० फेब्रुवारी १९८७

ती. बाबांस नमस्कार, वि. वि.

तुमच्या छातीतलं यंत्र नवं होतं, टाके ओले होते, म्हणून मी घरी होते तेव्हा गप्प राहिले. आता डॉक्टरांनी पत्रात लिहिलं आहे की तुम्ही ठणठणीत आहात. तेव्हा ऐका.

गॅरेजची भिंत मी उघडली. तार चौदा नंबरची होती. माझ्याच भेंडोळ्यातली. मी दोनदा लिहिलं, तुम्ही एकदा खोटं लिहिलंत आणि एकदा मला पाळण्यात घातलंत. वर ती लांबीला कमी पडली म्हणून तुम्ही भिंतीच्या आत दोन तुकडे पीळ देऊन जोडलेत आणि चिकटपट्टी गुंडाळलीत. तो सांधा वितळला होता. मागचं लाकूड कोळशासारखं काळं, बोटभर आत. दुपारी कधीतरी पेटलं असतं. तुम्ही खाटेवर, दाराला आतून कडी, समोर नायलॉनची जाळी. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी कॅम्पबाहेर काढलं असतं. तुम्ही माझे बाप आहात, म्हणून नुसतं लिहिते आहे.

सगळं उपसून दहा नंबरची तार सलग टाकली आहे. पाइपही बदलला. हीटर दोन हात मागे घेतला. आता त्याला हात लावू नका.

आणि सहा वाजता ब्रेकर पडत नव्हता. आई तो हाताने बंद करत होती. रोज. तुम्ही शिव्या देत आलात की तिला कळायचं, अजून जिवंत आहे. सतरा तारखेचं तिचं पत्र सोबत जोडते. तिने ते मला दिलं होतं, तुम्हाला दाखवू नकोस असं म्हणाली नाही. बसून वाचा.

दिसा

---

सँडविक
२१ फेब्रुवारी १९८७

चि. दिसास आशीर्वाद.

तारेबद्दल तू लिहिलंस ते सगळं कबूल. खोटं बोललो. जमीन गोठली होती, दुकान लांब, गाडी बंद, स्टेब्बीला रोज रोज किती सांगायचं? ही सबब नाही. नुसतं कारण सांगतो.

पण दुसरी गोष्ट वाचून माझा असा संताप झाला की छातीतलं यंत्र मोजत बसलं असेल. दोन ब्रेकर बदलले मी! डोळ्यांना दिसत नाही म्हणून दातात बॅटरी धरून. आणि ती वर फरशी पुसत होती. पत्र घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो. नोव्हेंबरपासून तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मी म्हटलं, "तूच होतीस?"

ती म्हणाली, "मीच." कणीक मळत होती, हातही थांबवला नाही.

मग मी बोललो ते तुला लिहीत नाही. बराच वेळ बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता मी सांगते. तुम्ही पडला होतात आणि गाडी उभी होती. मला गाडी शिकवा. नाही शिकवलीत, तर मी स्टेब्बीकडून शिकेन आणि गावभर सांगेन की नवऱ्याला जमलं नाही."

अडुसष्ट वर्षांची बाई. मी म्हटलं, तुला जन्मात येणार नाही. ती म्हणाली, बघू. हात धुऊन कोट घालायला गेली.

मी सध्या तुझ्या खोलीत झोपतो. डॉक्टरने सांगितलं म्हणून. दिवसा गॅरेजमध्ये बसतो. हीटर चांगला चालतो. सहालाही चालतो.

बापावर लोभ ठेवावा, रागावून का होईना.
हालदोर

---

सँडविक
२९ मार्च १९८७

चि. दिसास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाच आठवडे तुला पत्र नाही, कारण मला वेळ नव्हता. रोज सकाळी दहा ते बारा सरोवराच्या बर्फावर गाडी. तिथे आपटायला काही नाही म्हणून. तुझे बाबा शेजारी बसून इतकं ओरडतात की मासे तळाशी गेले असतील. क्लच म्हणजे साप नव्हे, त्याला चिरडू नकोस. आरशात बघ, माझ्याकडे काय बघतेस. मीही ऐकून घेत नाही. एकदा म्हटलं, तुम्ही झेंड्याचा खांब नीट शोधलात, मी निदान मोकळ्या बर्फावर आहे. त्या दिवशी ते उतरून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा गाडीत येऊन बसले.

भांडण मिटलं असं तुला वाटायला नको. लायसन्सबद्दल त्यांनी मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेली नाही. गॅरेजला आतून कडी लावल्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. जेवताना त्यावरून रोज वाजतं. पण एका टेबलावर वाजतं.

शुक्रवारी माझी परीक्षा झाली. तपासनीस पंचविशीतला होता. त्याने मला दोनदा विचारलं, आजी, नक्की ना? त्याला मी एका दमात मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे गाडी लावून दाखवली. पास झाले. तुझे बाबा बाहेर बाकावर बसले होते. कागद दाखवला. ते म्हणाले, छाप नीट आलेला नाही.

जाताना स्टेब्बीने चालवली, तो त्याच्या कामाला तिथेच थांबला. येताना मी चालवली. सँडविक आलं. घराच्या वळणावर मी वळले नाही. का, ते मला सांगता येणार नाही. सरळ उत्तरेला निघाले. कुठे चाललीस असं त्यांनी तीनदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ते म्हणतील तिथे मी शेजारी बसून गेले, एकदाही विचारलं नव्हतं. रिव्हर्टन मागे पडलं. शेतं संपली, झाडी लागली, मग रस्त्याचं डांबरही संपलं. पुढे नुसता बर्फाचा ढीग होता, बर्फ काढणारी गाडी तिथूनच परत फिरलेली. मी गाडी थांबवली.

मग वळवायला घेतली. रस्ता अरुंद, दोन्हीकडे खंदक. मागे, पुढे, मागे, पुढे, पाच वेळा. तुझे बाबा हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत.

आता तू ये. तुला घ्यायला मी येईन.

आई